ईव्ह ऑनलाइनमध्ये व्यापार आणि कारखाना: कोकणातल्या नेटवरून सुरुवात कशी करायची

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला ऑनलाइन खेळ 2003 पासून चालू आहे आणि चीन सोडला तर जगभरचे खेळाडू एकाच सर्व्हरवर असतात. बाजारातलं बहुतेक सामान, मग ते जहाज असो की तोफेचा गोळा, कुणीतरी खेळाडूनेच बनवलेलं असतं. लढाईत जहाज फुटलं की ते कायमचं गेलं, मालकाला नवीन घ्यावं लागतं. लढणारे लढत राहतात आणि विकणाऱ्यांचं दुकान चालतं.

रत्नागिरी, मालवण, गुहागर पट्ट्यात बसून हा खेळ खेळायचा असेल तर लढाईपेक्षा व्यापार आणि कारखाना केव्हाही सोयीचा. पावसाळ्यात एक फांदी तारेवर पडली की वीज तासन्‌तास येत नाही. बाजारात ऑर्डर लावून, कारखान्यात जॉब (उत्पादनाचं काम) चढवून ठेवलेला असेल तर तुमचा कॉम्प्युटर बंद पडला तरी सर्व्हरवर काम चालूच राहतं. जहाज मात्र बाहेर अंतराळात असताना लाइन गेली तर ते आपोआप दूर पळतं आणि थोड्या वेळाने नाहीसं होतं, पण कुणी आधीच हल्ला सुरू केला असेल तर ते नाहीसं न होता उघड्यावरच राहतं. म्हणून वादळवाऱ्याच्या दिवशी स्टेशनच्या आतलं काम करावं आणि मालवाहतूक लाइन धड असेल त्या दिवसासाठी ठेवावी. सर्व्हर लंडनला असला तरी तो सेकंदाला एकदाच हालचाल मोजतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही व्यापाराचं काही अडत नाही. रोजचा डाउनटाइम (सर्व्हर बंद असण्याचा वेळ) आपल्याकडे दुपारी साडेचारला असतो. नवीन अपडेट बहुधा त्यानंतर उतरतं, तेवढा डेटा राखून ठेवा.

फुकटच्या अल्फा खात्याने सुरुवात करा. पैसे भरून ओमेगा लगेच घेण्याची गरज नाही. करिअर एजंटांमध्ये (नवशिक्यांना शिकवणीची कामं देणाऱ्या पात्रांमध्ये) इंडस्ट्रियलिस्टचे दोन प्रकार आहेत, प्रोड्यूसर आणि आँत्रप्रनर. दोन्हींची कामं पूर्ण करा, त्यातून थोडं भांडवल आणि सुरुवातीची जहाजं हाती येतात. एका खात्यात तीन पात्रं बसतात. दुसरं पात्र बनवून जिटा या सिस्टिममधल्या (तारा आणि त्याचे ग्रह मिळून एक सिस्टिम) चौथ्या ग्रहावरच्या चौथ्या चंद्राजवळच्या स्टेशनवर कायमचं उभं करून ठेवा. खेळातला सगळ्यात मोठा बाजार तो. अमार, डोडिक्सी, रेन्स आणि हेक ही त्याखालची पेठांची नावं.

एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला हमखास चकवते. खेळात स्वल्पविराम दर तीन आकड्यांनी येतो. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. आपल्या डोळ्यांना लाख-कोटींच्या जागा सवयीच्या असल्यामुळे किंमत टाकताना एक शून्य इकडचं तिकडे सहज होतं, आणि दहा लाखांचा माल लाखात गेला तर तो परत मिळत नाही. ऑर्डर पक्की करण्यापूर्वी आकडा मागून पुढे, तीन-तीनच्या गटांनी वाचा. किंमत बाजारभावापेक्षा फार वेगळी असेल तर खेळ इशारा देतो; तो इशारा न वाचता ‘यस’ दाबणारे बरेच असतात.

आता व्यापार. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे एकाच स्टेशनवर कमी भावाने बाय ऑर्डर लावायची आणि तोच माल जास्त भावाने सेल ऑर्डरला लावायचा. वरवर पाहता दोन भावांमधला फरक म्हणजे नफा. तसं नसतं. एनपीसी (खेळाडूच्या नव्हे, खेळाच्याच मालकीच्या) स्टेशनवर ब्रोकर फी मुळात 3 टक्के, आणि ती दोन्ही वेळा जाते, बाय ऑर्डर लावताना आणि सेल ऑर्डर लावतानाही. शिवाय विक्री झाली की सेल्स टॅक्स. सेल्स टॅक्सचा दर खेळ बनवणारी कंपनी अधूनमधून बदलते, तुमचा चालू दर विक्रीच्या खिडकीतच दिसतो. हिशेबापुरता 5 टक्के धरू.

एक वस्तू 1,00,000 इस्कला (इस्क हे खेळातलं चलन) घेतली आणि 1,10,000 ला विकली. खरेदीवर फी 3,000, विक्रीवर 3,300, टॅक्स 5,500. एकूण 11,800 गेले, कमाई 10,000. म्हणजे दहा टक्के चढ्या भावाने विकूनही 1,800 चा खड्डा. तीच वस्तू 1,20,000 ला गेली तर 12,600 कापून 7,400 हातात राहतात. आता ब्रोकर रिलेशन्स आणि अकाउंटिंग ही दोन कौशल्यं तिसऱ्या पातळीपर्यंत नेली असं धरा. पहिल्याने फी दर पातळीला 0.3 टक्क्यांनी उतरते, म्हणजे 2.1 टक्के. दुसऱ्याने टॅक्स दर पातळीला 11 टक्क्यांनी घटतो, म्हणजे 5 चा 3.35. तोच सौदा आता 11,360 देतो. नवीन खेळाडू आधी जहाजाची कौशल्यं शिकत बसतात. व्यापाऱ्याने ही दोन आधी घ्यावीत, मग ट्रेड आणि रिटेल. पाच ऑर्डरी मुळातच मिळतात, ट्रेड दर पातळीला चार वाढवतं आणि रिटेल आठ.

वस्तू निवडताना नुसता फरक बघून भुलू नका. मार्केटमधला प्राइस हिस्टरीचा टॅब उघडा. रोज किती नग विकले जातात ते खालच्या पट्ट्यांत दिसतं. चाळीस टक्के फरक असलेली वस्तू आठवड्यातून एकदा विकली जात असेल तर तुमचे पैसे तिथे कुजतात. पंधरा-वीस टक्के फरक, रोज भरपूर खप आणि गेल्या महिनाभरात भाव फार उसळलेला नाही, अशी वस्तू शोधा. रोजच्या खपाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त माल सुरुवातीला भरू नका. बाय ऑर्डर लावली की सगळी रक्कम एस्क्रोमध्ये (खेळाकडे अनामत) अडकते, हेही लक्षात असू द्या.

बाय ऑर्डरची रेंज ‘स्टेशन’ ठेवा. पूर्ण प्रदेश ठेवला तर पंधरा ठिकाणी थोडा थोडा माल पडतो, त्यातला काही लो-सेकमध्ये (कमी सुरक्षेच्या भागात), आणि तो उचलायला गेलेलं जहाज परत येत नाही. खरेदी करतानाही यादीतला सगळ्यात स्वस्त माल कुठल्या सिस्टिममध्ये आहे ते बघा. लो-सेकमधला स्वस्त माल हा पुष्कळदा गळाला लावलेला असतो.

दुसऱ्याने भाव पाडला की आपणही पाडायचा, हा खेळ 2020 पासून महाग झाला. किंमत आता चार सार्थ अंकांतच बदलते, म्हणजे 1,23,400 च्या खाली थेट 1,23,300. शिवाय प्रत्येक बदलाला फी लागते आणि बदलल्यावर पाच मिनिटं पुन्हा हात लावता येत नाही. दिवसातून दोनदा ऑर्डरी तपासल्या तरी पुष्कळ. युरोपची गर्दी आपल्याकडे रात्री अकरानंतर चढते आणि अमेरिकेची पहाटेनंतर. झोपण्यापूर्वी एकदा आणि सकाळी चहाच्या वेळी एकदा, एवढं बसतं.

कारखान्याची सुरुवात ब्लूप्रिंटपासून, म्हणजे वस्तू बनवण्याच्या आराखड्यापासून. बाजारात मिळतात ते ओरिजिनल, संशोधन न झालेले. कॉपी काँट्रॅक्टवरच (खेळाडूंमधल्या करारानेच) विकल्या जातात, त्यांना ठरावीक रन (किती वेळा माल काढता येईल ती संख्या) असतात आणि त्यांच्यावर संशोधन करता येत नाही. काँट्रॅक्टवर ‘स्वस्त ओरिजिनल’ दिसला तर माहितीची खिडकी उघडून रन बघा. बाजारातही जपा. ओरिजिनल मुळात एनपीसी ठरावीक भावाला विकतात, पण जिटात तेच ब्लूप्रिंट दुप्पट-तिप्पट भावाने लावून ठेवलेले असतात. खेळाडूची ऑर्डर जास्तीत जास्त 90 दिवसांची असते. त्याहून लांब मुदत दिसली तर विकणारा एनपीसी.

पहिला माल म्हणून छोट्या तोफांचा दारूगोळा, साधे ड्रोन किंवा टेक-वन (साध्या श्रेणीचं) फ्रिगेट हे छोटं जहाज घ्या. दारूगोळ्याचा ब्लूप्रिंट स्वस्त, एका रनमध्ये 100 नग, आणि जागा अगदी कमी. फ्रिगेट पॅक केलेलं 2,500 घनमीटर खातं, म्हणजे मालवाहू जहाजात मोजकीच बसतात. कॅटॅलिस्ट हे डिस्ट्रॉयरही चांगलं खपतं, कारण मालवाहू जहाजं फोडणारे टोळकेवाले तेच वापरतात आणि दर वेळी गमावतात. त्यांनाही कुणीतरी विकतंच.

कच्चा माल आणि ब्लूप्रिंट दोन्ही त्याच स्टेशनवर हवेत. ब्लूप्रिंटवर संशोधन करून मटेरियल एफिशियन्सी (मालाची बचत) 10 पर्यंत नेली की दहा टक्के माल वाचतो, पण संशोधनाच्या दर पायरीला आधीच्यापेक्षा अडीच पटीच्या जवळपास वेळ लागतो. 8 वर थांबून उत्पादन सुरू करणं शहाणपणाचं. शेवटच्या दोन पायऱ्या गणपतीसाठी ठेवा. त्या दिवसांत तसंही कुणी लॉगिन करत नाही.

बचत पूर्ण जॉबवर मोजून वर पूर्णांक केला जातो, इथे पुष्कळ जण गोंधळतात. एका रनला एखादा घटक 4 लागत असेल तर दहा टक्के बचतीने 3.6 होतात, म्हणजे 4 च द्यावे लागतात. दहा रन एकदम लावले तर 40 ऐवजी 36. एका रनला 1 च लागणारा घटक कधीच कमी होत नाही. त्यामुळे जॉब लांब लावा, आणि खिडकीत दिसणारा वेळ बघून रन असे ठरवा की काम सकाळी तुमच्या बसण्याच्या वेळी संपेल. संपलेला जॉब ‘डिलिव्हर’ केल्याशिवाय स्लॉट (जॉबची जागा) मोकळा होत नाही. स्लॉट मुळात एक. मास प्रॉडक्शन दर पातळीला एक वाढवतं.

जॉबचं शुल्क सिस्टिमच्या कॉस्ट इंडेक्सवर चढतं. जिथे कारखाने जास्त तिथे इंडेक्स जास्त, म्हणून जिटाला लागून असलेल्या सिस्टिम महाग पडतात. चार-सहा उड्यांवरची (एका सिस्टिममधून दुसरीत जाणं म्हणजे एक उडी) शांत हाय-सेक, म्हणजे जास्त सुरक्षेची, सिस्टिम बघा.

आता सगळ्यात मोठी चूक: ‘खनिज मी स्वतः खणलं, म्हणजे ते फुकट’. काजूचा कारखाना असलेला बागायतदार घरच्या बीलाही बाजारभाव लावतो, कारण ती बी तशीच विकली असती तरी पैसे आले असते. ट्रिटॅनियम या खनिजाचं तेच. तयार मालाची किंमत, त्यातल्या खनिजांचा त्या दिवशीचा जिटाचा भाव, जॉबचं शुल्क, ब्रोकर फी आणि टॅक्स, एवढे रकाने शीटमध्ये मांडा. उत्तर उणे आलं तर खनिजच विका. टेक-वनच्या कितीतरी वस्तू खनिजाच्या भावाखाली विकल्या जातात, त्या ‘फुकट’वाल्यांमुळेच.

वाहतुकीत हाय-सेक म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज आधी काढून टाका. कॉन्कॉर्ड ही खेळातली पोलीस हल्ला करणाऱ्याला मारते, तुम्हाला वाचवत नाही. टोळकं माल स्कॅन करतं आणि आपल्या जहाजांच्या किमतीपेक्षा माल महाग असला की फोडतं. उएदामा ही त्यासाठी कुप्रसिद्ध सिस्टिम आहे. ऑटोपायलट पुढच्या सिस्टिमच्या दाराच्या बऱ्याच आधी थांबून रांगत जातो, तेवढ्यात टोळक्याचं काम होतं. प्रत्येक उडी हाताने मारा. नवशिक्याने सगळे लो-स्लॉट (जहाजावर उपकरणं बसवण्याच्या जागा) कार्गो वाढवणाऱ्या मॉड्युलनी भरू नयेत, त्याने जहाजाचा सांगाडा कमजोर होतो. दहा लाख ट्रिटॅनियमला 10,000 घनमीटर लागतात, पण त्याच्या मागे टोळकं सहसा लागत नाही. धोका छोट्या आणि महाग मालाला. तो दोन-तीन फेऱ्यांत न्या, किंवा कुरिअर काँट्रॅक्ट (दुसऱ्याकडून माल पोचवून घेण्याचा करार) लावा आणि कोलॅटरल (त्याने ठेवायची अनामत) मालाच्या पूर्ण किमतीचं ठेवा. उलट तुम्ही दुसऱ्याचं कुरिअर उचलणार असाल तर पोचवायचं ठिकाण खेळाडूचं स्ट्रक्चर आहे का ते बघा. तिथे डॉकिंगची परवानगीच नसेल तर तुमचं कोलॅटरल गेलं.

कुडाळ-सावंतवाडीच्या दोघा-चौघांनी मिळून कॉर्पोरेशन (खेळातली कंपनी) काढलं तर हँगरमधून माल काढण्याचा अधिकार सगळ्यांना सरसकट देऊ नका. सामायिक ब्लूप्रिंट कुणी उचलून नेले तर खेळाच्या नियमांत ती चोरी चालते, तक्रार करून काही परत येत नाही. आणि इस्क रुपयांना विकायचे किंवा बाहेरून विकत घ्यायचे नाहीत, तिथे मात्र खातं बंद होतं. खऱ्या पैशातून इस्क हवेच असतील तर प्लेक्स (खेळाची कंपनी खऱ्या पैशाला विकते ती वस्तू) विकत घेऊन खेळातल्या बाजारात विकणं हा नियमात बसणारा मार्ग आहे.