झोपेत श्वास अडकतो? माजी सैनिकाने डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा असा बांधावा

झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडकतो तो आजार स्लीप ॲप्निया, आणि मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारी मशीन म्हणजे सीपॅप. ‘सीपॅप मशीन लागली की पन्नास टक्के पक्के’, म्हणजे तेवढे अपंगत्व मंजूर, हा सल्ला कामठीच्या टपरीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फिरतो. नियम खरा आहे, पण अमेरिकेतला. आपल्याकडे मशीनला टक्के चिकटलेले नाहीत. इथे दोनच गोष्टी बघतात: अपंगत्व किमान 20 टक्के आहे का, आणि त्याचा नोकरीशी संबंध आहे का. नव्वद टक्के भांडण दुसऱ्या प्रश्नावर होते, आणि लोक पहिल्याचेच कागद जमवत बसतात.

आजाराचा पुरावा म्हणजे रात्रभराची स्लीप स्टडी. तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडकला तर सौम्य, 15 ते 30 मध्यम, त्याच्या वर तीव्र. घोरण्याचा मोबाइल व्हिडिओ मेडिकल बोर्डापुढे चालत नाही.

मग रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे नोकरी सोडतानाच्या तपासणीच्या, अहवालाची पूर्ण प्रत मिळवा. फॉर्म एएफएमएसएफ-16, सगळी पाने. नसेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. गार्ड्स रेजिमेंटवाल्यांना हे कामठीतच जमते, त्यांचे रेकॉर्ड ऑफिस तिथेच आहे, बाकीच्यांनी आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे. पोस्टिंगची यादी आणि नोकरीतल्या सगळ्या मेडिकल नोंदीही त्याच अर्जात मागा.

आता खरी अडचण. बोर्डाच्या प्रतीत बहुतेक वेळा एकच ओळ असते: आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीने बळावलेलाही नाही. कारण म्हणून लठ्ठपणा किंवा गळ्याची ठेवण. ही ओळ खोडायला ‘मी वीस वर्षे देशसेवा केली’ हे वाक्य उपयोगाचे नाही. अर्जातून ते काढूनच टाका. तिथे तारखा लागतात.

एका कागदावर तीन रकाने आखा: वर्ष आणि पोस्टिंग, त्या वर्षीचे वजन, त्या वर्षीची मेडिकल नोंद. समजा 2009 मध्ये ड्यूटीवर गुडघा गेला, पी.टी.तून सूट मिळाली, 2012 पर्यंत वजन 72 वरून 88 झाले आणि 2014 मध्ये स्लीप ॲप्नियाचे निदान झाले. मग वजन ‘खाण्यापिण्याने’ वाढले हे बोर्डाला सहज म्हणता येत नाही, कारण वजन वाढण्याआधीची दुखापत त्यांच्याच कागदात आहे. ड्यूटीवर नाकाचे हाड मोडले असेल तर तीही नोंद इथेच येते. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. आठवणीने भरलेली एक तारीख खोटी निघाली की सगळा तक्ताच संशयात जातो.

उंचावरच्या पोस्टिंगचे जपून लिहा. विरळ हवेत झोपेतला श्वास अडखळतो हे खरे, पण त्याचे कारण मेंदूकडून श्वासाचा इशारा न येणे हे असते. घसा आतून बंद होऊन होणारा ॲप्निया वेगळा, आणि बहुतेकांचा तोच असतो. ‘सियाचीनमुळे झाला’ लिहिले की श्वसनविकार तज्ज्ञ एका ओळीत उडवतो. आजार नोकरीच्या परिस्थितीत बळावला, एवढाच दावा करा, आणि तो तज्ज्ञाच्या सहीने लिहून घ्या. ‘रुग्णास ॲप्निया आहे’ एवढेच लिहिलेले सर्टिफिकेट या कामात रद्दी.

सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल (2013) सोबत जोडा: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतला मानायचा, आणि तसे नाही म्हणायचे तर बोर्डाने कारणे द्यायची. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम लागू आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी जुन्या अर्जाची नक्कल करू नये.

पैशाचा हिशेब सोपा. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. जुन्या नियमांत 20 ते 49 टक्क्यांचे राउंडिंगने 50 होतात, आणि राम अवतार निकालाने (2014) मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ मिळाला. पगार 50,000 असेल तर 7,500, वर महागाई भत्ता.

नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे. तेही फेटाळले, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर लष्करी न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी मुंबई बेंच. वर्षे उलटली असली तरी दावा मरत नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीनच वर्षांची मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज भरायला मदत करते, निर्णय त्यांच्या हातात नसतो. तिथल्या बाबूवर चिडून फायदा नाही.

निदान निवृत्तीनंतर झाले असेल तर दावा अवघड. नोकरीतली एखादी जुनी नोंद सापडल्याशिवाय वकिलाला पैसे देऊ नका.

मशीनसाठी मात्र पेन्शनची वाट पाहू नका. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या सभासदाला तज्ज्ञाच्या शिफारशीवर सीपॅप मिळते, दाव्याचा निकाल काहीही लागो.