सोलापुरातून आकाशगंगेतले काळे ढग कसे बघायचे आणि घरबसल्या त्यांचा अभ्यास कसा करायचा

उन्हाळ्यात तसंही रात्री गच्चीवरच झोपायचं असतं, पण यासाठी शहरातली गच्ची चालणार नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूची तर अजिबातच नाही. एप्रिल-मे मधली अमावस्येच्या आसपासची रात्र धरा, बार्शी रोडला नान्नजकडं कुणाचं ओळखीचं शेत असेल तर लई भारी (अभयारण्यात रात्री घुसायचं नाही), आणि तिथं गेल्यावर मोबाइल निदान वीस मिनिटं खिशात, नाहीतर डोळे अंधाराला सरावतच नाहीत.

पहाटे 3 च्या सुमाराला पूर्वेला गरुड तारकासमूहातला श्रवण हा ठळक तारा दिसेल, त्याच्या डावीकडं हंस तारकासमूह. हंसापासून गरुडावरून खाली धनूपर्यंत आकाशगंगा मधोमध चिरल्यासारखी दिसते. तिथं तारे नाहीत असं नाही, मधे धुळीचे ढग आडवे आलेत. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला ही आकाशातली भोकंच वाटली होती, पुढं बार्नार्ड या खगोलशास्त्रज्ञानं फोटो काढून काढून 1919 मध्ये अशा 182 काळ्या डागांची यादी छापली. आकाशगंगेतली ही चीर बघायला दुर्बीण नसली तरी चालतं.

आता खरा अभ्यास, तो घरी. ब्राउझरमध्ये अलादिन लाइट (Aladin Lite) हा आकाशाचा नकाशा उघडा (फुकट आहे), बार्नार्ड 68 (Barnard 68) हा काळा ढग शोधा, फोटो साधारण 15 आर्कमिनिट (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंद दिसेल एवढा झूम करा. आधी डीएसएसचा (DSS), म्हणजे साध्या प्रकाशातला फोटो. कागदाच्या तुकड्याला चौकोनी भोक पाडून ते स्क्रीनवर ढगाच्या मधोमध धरा, त्यातून किती तारे दिसतात ते मोजा, मग तेच भोक ढगाच्या बाहेर धरून मोजा. आत जवळपास शून्य, बाहेर गच्च. मग लेयर बदलून टूमास (2MASS) घ्या, हा इन्फ्रारेड फोटो. झूम तोच ठेवा आणि परत मोजा: कडेनं लालसर तारे उगवलेले दिसतील, कारण निळा प्रकाश धूळ जास्त अडवते आणि इन्फ्रारेड कमी. कुठं किती तारे गायब झाले यावरून ढग कुठं किती दाट आहे ते काढतात, शास्त्रज्ञही हेच करतात, फक्त कागदाच्या तुकड्याऐवजी कॉम्प्युटरनं.

अशा ढगात धूळ वजनानं जेमतेम 1 टक्का, बाकी जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियम. आत तापमान उणे 263 अंशांच्या आसपास, आणि एवढ्या थंडीत हायड्रोजनचे रेणू स्वतः काही सिग्नलच देत नाहीत, म्हणून रेडिओ दुर्बिणींनी कार्बन मोनॉक्साइडची 2.6 मिलिमीटरची लहर पकडून ढग मोजतात. थंडी असली की वायूचा दाब कमी पडतो, मग ढग स्वतःच्याच वजनानं आत कोसळायला लागतो, आतली खळबळ आणि चुंबकीय क्षेत्र त्याला थोपवून धरतात तेवढाच काय तो वेळ जातो.

बार्नार्ड 68 मध्ये अजून तारा नाही. जन्मलेला बघायचा तर वृषभ राशीतला एल 1527 (L1527) हा ढग शोधा, डीएसएसमध्ये तिथं नुसता अंधार आहे आणि लेयर बदलून वाइज (WISE, हाही इन्फ्रारेड) लावलं की मधे उजेड दिसतो, तो जेमतेम 1 लाख वर्षांचा तारा आहे, म्हणजे तान्हंच. त्याचाच जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीनं काढलेला, नोव्हेंबर 2022 मध्ये आलेला डमरूसारखा फोटो शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवा आणि डमरूच्या कमरेवरची बारीक काळी रेघ झूम करून बघा, ती ताऱ्याभोवती फिरणारी चकती आहे, कडेनं दिसणारी, आणि पुढं ग्रह व्हायचे तर त्यातूनच.