बायोलॉजीच्या मुलांनी दुसऱ्या सेमिस्टरचं कॅल्क्युलस कसं अभ्यासावं

पहिल्या सेमिस्टरचं डेरिव्हेटिव्ह कसंबसं पार पडतं. दुसऱ्या सेमिस्टरला इंटिग्रेशन येतं, डिफरन्शियल इक्वेशन येतं, त्यावर जिवाणूंची, औषधाची, एन्झाइमची उदाहरणं येतात आणि बी ग्रुप (गणिताऐवजी बायोलॉजी) घेऊन बारावी झालेल्यांचा धीर सुटतो. मग कोणीतरी सीनियर सांगतो, "फॉर्म्युले पाठ कर, मागचे पेपर सोडव, सुटशील." कोल्हापुरात हा सल्ला दरवर्षी नव्या बॅचला मिळतो आणि दरवर्षी चांगली हुशार मुलं त्यापायी अडकतात. फॉर्म्युला लागतो तो समीकरण हातात आल्यावर. पेपरात मात्र प्रश्न शब्दांत येतो. शब्दांतून समीकरण उभं करणं हाच या विषयाचा गाभा आहे आणि ते कुठल्याही फॉर्म्युल्याच्या चार्टवर छापलेलं नसतं. मी स्वतः बायोलॉजीची. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि ज्युनियर मुलांना शिकवतानाही गाडी इथेच अडलेली दिसते. म्हणून या लेखातली जास्तीत जास्त जागा त्यालाच.

१. आधीचं बीजगणित

अपूर्णांकांची बेरीज, घातांकाचे नियम, लॉगचे नियम. एवढंच. फार अवघड नाही, दोन-तीन संध्याकाळी द्या आणि पुढे चला.

२. इंटिग्रेशनच्या रीती

तीन रीती पक्क्या करा: सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स आणि पार्शियल फ्रॅक्शन. ट्रिग्नॉमेट्रीतलं सबस्टिट्यूशन सिलॅबसमध्ये असेल तर सगळ्यात शेवटी करा. वाढ, क्षय, औषध, एन्झाइम या नेहमीच्या उदाहरणांत त्याचं काम पडत नाही. व्हिडिओ बघून रीत समजते, पण हात बसत नाही. एक व्हिडिओ बघितला की तो बंद करून तेच गणित कोऱ्या कागदावर करा. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून केलेत तर उत्तमच, तिथे निदान हातात मोबाईल घ्यायला लाज वाटते.

३. शब्दांतून समीकरण

इथे थांबा. घाई करू नका. एक उदाहरण घेऊ.

पेशंटला सलाइनमधून तासाला ५० मिलिग्रॅम औषध दिलं जातंय. अंगात त्या क्षणी जेवढं औषध असेल, त्याच्या ०.२ पट प्रतितास या वेगाने शरीर ते बाहेर टाकतंय. सुरुवातीला अंगात औषध नाही. अंगातल्या औषधाला 'ए' म्हणू, काळाला 'टी'.

बहुतेक जण लगेच डीए बाय डीटी लिहून पुढे काहीतरी जोडायला लागतात. तसं करू नका. आधी एक मराठी वाक्य लिहा:

औषध बदलण्याचा वेग = औषध येण्याचा वेग − औषध जाण्याचा वेग

पेपर इंग्रजीत असला तरी हे वाक्य मराठीतच लिहा. आपण विचार ज्या भाषेत करतो त्याच भाषेत ही मांडणी व्हायला हवी. मग प्रत्येक पदाखाली एकक लिहा. डावीकडे मिलिग्रॅम प्रतितास आहे, म्हणजे उजवीकडच्या प्रत्येक पदाचं एकक तेच असलं पाहिजे. येण्याचा वेग ५० मिलिग्रॅम प्रतितास, बरोबर जुळलं. जाण्याचा वेग म्हणून पुष्कळ मुलं नुसतं ०.२ लिहितात. त्याचं एकक नुसतं 'प्रतितास' आहे. मिलिग्रॅम कुठे गेले? म्हणजे ए ने गुणायचं राहिलं. पुरं समीकरण असं:

डीए/डीटी = ५० − ०.२ए

दुसरी नेहमीची गल्लत म्हणजे ५० च्या जागी ५०टी. टी तासांत एकूण ५०टी मिलिग्रॅम औषध आत गेलं, हे खरं. पण ते झालं एकूण प्रमाण, आणि डावीकडे आहे वेग. एककं लिहिली असती तर 'मिलिग्रॅम' आणि 'मिलिग्रॅम प्रतितास' समोरासमोर दिसले असते. एककं शेवटी उत्तराला चिकटवण्यासाठी असतात असं शाळेत आपल्या डोक्यात बसलेलं असतं. ते काढून टाका. एककं मांडणीच्या वेळीच लागतात. गणित सोडवण्याआधीच चूक पकडणारं त्यांच्यासारखं दुसरं साधन नाही.

प्रश्नातले काही शब्द ठरलेलं काम करतात. 'स्थिर दराने' म्हटलं की नुसता आकडा, त्याला कशानेही गुणायचं नाही. 'च्या प्रमाणात' म्हटलं की त्या राशीला स्थिरांकाने गुणायचं. 'उरलेल्या जागेच्या प्रमाणात' म्हटलं की एकूण वजा व्यापलेलं. प्रश्न वाचताना या शब्दांखाली रेघ मारा.

आता सोडवण्याआधी एक काम करा, जे जवळजवळ कोणीच शिकवत नाही. डावी बाजू शून्य धरा. ५० = ०.२ए, म्हणजे ए = २५०. सलाइन चालू राहिली तर अंगातलं औषध २५० मिलिग्रॅमच्या जवळ जाऊन स्थिरावेल. एकही इंटिग्रेशन न करता उत्तराचा शेवट कळला. नंतर सगळं सोडवून ए = २५०(१ − ई घात उणे ०.२टी) आलं, की टी खूप मोठा धरून २५० मिळतात का ते बघायचं. मिळत नसतील तर मध्ये कुठेतरी चिन्ह हुकलंय.

अशी दहा-बारा उदाहरणं नुसती मांडा, सोडवू नका. एका बैठकीत फक्त मांडणी. गणिताच्या मित्राकडून तपासून घ्या. हे केलेली मुलं मी घाबरलेली बघितली नाहीत.

४. लॉजिस्टिक समीकरण

हे येणारच. १७९८ मध्ये माल्थसने लोकसंख्या चक्रवाढीने वाढते असं मांडलं. १८३८ मध्ये बेल्जियमच्या व्हेर्हुल्स्टने त्याला मर्यादा घातली: जागा आणि अन्न संपत जाईल तसा वाढीचा वेग कमी होतो. १९३४ मध्ये गाउसने प्रयोगशाळेत पॅरामेशियम वाढवून अशाच एस आकाराच्या वाढीचे प्रयोग प्रसिद्ध केले.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. रंकाळ्यावर जलपर्णी पसरते ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. समजा, तलावाचा १ टक्का भाग व्यापलाय आणि मोकळी जागा भरपूर असताना जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. तर वाढीचा दर ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉग, म्हणजे एलएन) ÷ १४, म्हणजे रोज सुमारे ०.०५. व्यापलेला टक्का 'एन' म्हटला तर:

डीएन/डीटी = ०.०५ × एन × (१ − एन/१००)

एन असलेलं सगळं डावीकडे, टी असलेलं उजवीकडे. डावीकडे १ ÷ एन(१०० − एन) उरतं, त्याला पार्शियल फ्रॅक्शन लावा. त्याचे दोन तुकडे होतात: १/एन आणि १/(१०० − एन), दोन्हींना बाहेर १/१००. दुसऱ्या तुकड्याचं इंटिग्रेशन उणे लॉग (१०० − एन) आहे. हे उणे चिन्ह गेलं की पुढचं सगळं गेलं. ते लिहून झाल्यावर उलट डेरिव्हेटिव्ह काढून बघा, अर्धं मिनिट लागतं.

दुसरी जागा स्थिरांकाची. इंटिग्रेशन केलं त्याच ओळीत सी लिहा. लॉग हटवून (दोन्ही बाजू ई च्या घातात नेऊन) झाल्यावर शेवटी '+ सी' चिकटवणारी मुलं अख्खं गणित घालवतात, कारण लॉग हटवल्यावर तो सी गुणाकारात जातो, बेरजेत राहत नाही.

आवरून घेतलं की: लॉग [एन/(१०० − एन)] = ०.०५टी + सी. सुरुवातीला एन १, म्हणून सी = लॉग (१/९९) = −४.५९५. अर्धा तलाव कधी भरेल? एन ५० घातला की डावी बाजू शून्य होते, आणि टी = ४.५९५ ÷ ०.०५, सुमारे ९२ दिवस. एन वेगळा काढायची गरजच पडली नाही. पुष्कळ पुस्तकं आधी एन वेगळा काढायला लावतात आणि त्या खटाटोपात मुलं दमतात. प्रश्न 'कधी' असा असेल तर लॉगच्या ओळीवरच थांबा.

साध्या चक्रवाढीने हेच ७८ दिवसांत झालं असतं. दोन्ही उत्तरं शेजारी लिहिलीत तर मर्यादेचा परिणाम डोळ्यांना दिसतो. वाढीचा वेग सगळ्यात जास्त असतो तो बरोबर निम्म्यावर, ५० टक्क्यांना. जलपर्णी १ टक्क्यावर असतानाच का काढावी, याचं कारण या समीकरणात आहे. बायोलॉजी शिकणाऱ्याने हा अर्थ सांगता येईपर्यंत गणित झालं असं मानू नये.

५. आलेख

प्रत्येक उत्तराचा आलेख हाताने काढा: सुरुवात कुठे, शेवट कुठे, चढ कुठे तीव्र.

६. परीक्षेच्या आधी

मागचे पेपर आता सोडवा, आधी नाही. कॅल्क्युलेटर परीक्षेत चालतो की नाही ते कॉलेजात विचारून ठेवा. चालत असेल तर त्यावर 'लॉग' आणि 'एलएन' अशी दोन वेगळी बटणं असतात. या लेखात लॉग म्हटलंय तिथे सगळीकडे एलएन. पेपर हातात पडायच्या आधी २ चा लॉग काढून बघा. ०.६९३ आलं तर बटण बरोबर, ०.३०१ आलं तर दुसरं दाबा.