‘हे तर कुणालाही सुचले असते’: पेटंट अपिलात या चुका टाळा

समजा, रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातील एका कारागिराने घड उतरवल्यावर उरणाऱ्या खोडापासून धागा काढण्याचे यंत्र सुधारले. वरचा रोलर त्याने स्प्रिंगवर बसवल्यामुळे जाड-पातळ सोपटे (खोडाचे थर) न अडकता पुढे सरकू लागली. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने एक जुने धागायंत्र आणि उसाचा चरक असे दोन दाखले देऊन, ‘कुशल व्यक्तीला हे सहज सुचण्याजोगे आहे’ एवढ्या एका वाक्यात अर्ज फेटाळला.

अशा वेळी अपिलाची पहिली चार पाने मजुरी किती वाचते हे सांगण्यात जातात, आणि मला हीच सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. पेटंट कायदा, १९७० मधील ‘शोधक पायरी’च्या (inventive step) व्याख्येत आर्थिक महत्त्व तांत्रिक प्रगतीला पर्याय ठरते. परंतु शोध सहज सुचण्याजोगा नसावा, ही अट त्यानंतरही उरतेच. म्हणून बोट ठेवायचे ते आदेशात जे लिहिलेलेच नाही त्यावर: चरकातील स्प्रिंग धागायंत्रात आणावी असे कुशल कारागिराला का वाटले असते, हे नियंत्रकाने (अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याने) सांगितले आहे का? पूर्वीचे ज्ञान, प्रस्तुत शोध आणि त्या ज्ञानावरून हा शोध कसा सुचला असता, या तिन्ही बाबींचा विचार आदेशात हवा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ॲग्रिबोर्ड प्रकरणात २०२२ मध्ये म्हटले. तो निकाल हे अपील ऐकणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नसला, तरी आधार म्हणून दाखवता येतो.

आक्षेप दोन दाखल्यांच्या जोडणीवर असताना प्रत्येक दाखला सुटा खोडून काढण्यात अर्थ नाही.

शाबितीचा भार समोरच्यावर आहे म्हणून स्वतः गप्प बसणे हीदेखील चूकच आहे. मिळालेले पेटंट वैधतेची हमी देत नाही, हे कलम १३(४) सांगते आणि लेथवर भांडी कातण्याच्या उपकरणाविषयीच्या बिश्वनाथ प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तेच सांगून कारखान्यातील नेहमीच्या सुधारणेला मिळालेले पेटंट अवैध ठरवले.

अपिलाची मुदत तीन महिन्यांची आहे. आदेशात कारणे नसतील, तर बहुधा प्रकरण फेरविचारासाठी परत जाते, थेट पेटंट मिळत नाही. तेव्हा सोपटे कुठे अडकत होती आणि स्प्रिंगनंतर काय बदलले, याच्या चाचणीची नोंद पहिल्या सुनावणीपूर्वीच दाखल झालेली असावी.