आयबीएम आय सिस्टिमवर फाइली कॉपी करताना या चुका टाळा

१९८८ साली आयबीएमच्या एएस/४०० या संगणकासोबत आलेली ऑपरेटिंग सिस्टिम आज आयबीएम आय या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यावर डेटाबेस फाइलमधील रेकॉर्ड कॉपी करण्यासाठी सीपीवायएफ ही कमांड आजही सर्रास वापरली जाते. कमांड त्रुटी दाखवून थांबली, तर निदान काहीतरी बिघडल्याचे लगेच कळते. कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश येऊनही माहिती चुकीची पडली असेल, तर ते उघडकीला येईपर्यंत अनेकदा मूळ फाइलही हाताशी उरलेली नसते. म्हणून पुढील चुकांबाबत अधिक सावध राहावे.

सर्वांत घातक चूक एफएमटीओपीटी या, फॉरमॅट वेगळे असल्यास काय करायचे हे सांगणाऱ्या, पॅरामीटरची आहे. दोन फाइलींचे रेकॉर्ड फॉरमॅट, म्हणजे रेकॉर्डमधील फील्डची मांडणी, वेगळे असले की सीपीवायएफ कॉपी करण्यास नकार देते, आणि घाईत असलेला माणूस *नोचेक लिहून मोकळा होतो. त्यानंतर सिस्टिम फील्डच्या सीमा पाहत नाही. ती डावीकडून उजवीकडे बाइट उतरवत जाते. पाच अंकी संख्येला झोन्ड प्रकारात (एका बाइटमध्ये एक अंक) ५ बाइट लागतात, पॅक्ड प्रकारात (एका बाइटमध्ये साधारण दोन अंक) ३; त्यामुळे मधल्या एखाद्या फील्डचा प्रकार बदललेला असेल किंवा तेथे नवे फील्ड घातलेले असेल, तर त्यापुढील सर्व फील्ड सरकतात. कॉपी यशस्वी दिसते, मात्र नंतर ती फाइल वाचणारा प्रोग्राम एमसीएच१२०२ हा डेसिमल डेटा त्रुटीचा संदेश देऊन थांबतो आणि सगळे जण दोष प्रोग्राममध्ये शोधत बसतात. अशा वेळी *मॅप आणि *ड्रॉप हे दोन्ही पर्याय एकत्र द्यावेत. पहिल्याने समान नावाची फील्ड जुळवली जातात व नव्या फील्डना डिफॉल्ट मूल्य मिळते, तर दुसऱ्याने नव्या फाइलमध्ये नसलेली फील्ड गाळण्याची परवानगी मिळते. कोणती फील्ड गळणार आहेत, हे डीएसपीएफएफडी या फील्डची माहिती दाखवणाऱ्या कमांडने आधी पाहून घ्यावे.

सीपीवायएफच्या एमबीआरओपीटी पॅरामीटरमध्ये *रिप्लेस दिल्यास लक्ष्य मेंबर (फाइलमधील माहितीचा एक स्वतंत्र विभाग) आधी रिकामे केले जाते. रेकॉर्ड निवडणाऱ्या आयएनसीआरईएल पॅरामीटरमधील अट चुकून एकही रेकॉर्ड निवडला गेला नाही, तरी जुनी माहिती गेलेलीच असते. फाइलमध्ये अनेक मेंबर असतील, तर कोणते मेंबर घ्यायचे हे सांगणाऱ्या एफआरओएमएमबीआरचे डिफॉल्ट मूल्य *फर्स्ट आहे, म्हणजे फक्त पहिले मेंबर कॉपी होते, हेही ध्यानात ठेवावे.

चाचणीसाठी वेगळी लायब्ररी (फाइली ठेवण्याची जागा) तयार करताना सीआरटीडीयूपीओबीजे ही प्रत काढणारी कमांड वापरतात. तिचे डेटा पॅरामीटर डिफॉल्टने *नो असल्यामुळे फाइल रिकामी येते. हे लगेच कळते आणि दुरुस्तही करता येते. लॉजिकल फाइलची गोष्ट मात्र गंभीर आहे; तिच्यात स्वतःची माहिती नसते, ती माहिती साठवणाऱ्या फिजिकल फाइलवर आधारलेली असते. ती आणि तिची फिजिकल फाइल मूळ लायब्ररीत एकत्र असतील व फिजिकल फाइलची प्रत नव्या लायब्ररीत आधीच तयार असेल, तरच नवी लॉजिकल फाइल त्या प्रतीवर उभी राहते. क्रम चुकला, तर चाचणी लायब्ररीतील लॉजिकल फाइल थेट प्रॉडक्शनच्या, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या, माहितीकडे बोट दाखवत राहते आणि तिच्यातून केलेले बदल खऱ्या खात्यांवर होतात. एकही चाचणी चालवण्यापूर्वी डीएसपीएफडी या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या कमांडने ती कोणत्या फिजिकल फाइलवर आधारलेली आहे, हे तपासावे. यात सवलत घेऊ नये.

रात्रीचा बॅच जॉब सकाळी एमएसजीडब्ल्यू (संदेशाच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या) स्थितीत अडकलेला आढळला, तर क्यूसिसओपीआर या सिस्टिम ऑपरेटरच्या संदेशरांगेत सीपीए५३०५ हा फाइल भरल्याचा संदेश शोधावा. फिजिकल फाइल तयार करणाऱ्या सीआरटीपीएफ कमांडच्या डिफॉल्टनुसार फाइल १०,००० रेकॉर्डची असते आणि प्रत्येकी १,००० रेकॉर्डने तीनदाच वाढते. १३,००० नंतर सिस्टिम उत्तराची वाट पाहते. मोठी कॉपी सुरू करण्यापूर्वीच फाइलचे गुणधर्म बदलणाऱ्या सीएचजीपीएफ कमांडने साइझ *नोमॅक्स (कमाल मर्यादा नाही) करावी.

एखादा प्रोग्राम रिलेटिव्ह रेकॉर्ड क्रमांकाने, म्हणजे फाइलमधील रेकॉर्डच्या स्थानानुसार, रेकॉर्ड वाचत असेल, तर सीपीवायएफमध्ये कॉम्प्रेस *नो द्यावे. अन्यथा डिलीट झालेले रेकॉर्ड वगळले जातात आणि पुढचे क्रमांक बदलतात.

देवनागरी मजकूर असलेल्या फाइलींत सीसीएसआयडी, म्हणजे अक्षरे कोणत्या सांकेतिक पद्धतीत साठवली आहेत हे सांगणारा क्रमांक, पाहणे अटळ आहे. ३७ या सीसीएसआयडीत देवनागरी अक्षरेच नाहीत, त्यामुळे अशा फील्डमध्ये मराठी नावे टिकत नाहीत. लक्ष्य फील्ड १२०० (यूटीएफ-१६) किंवा १२०८ (यूटीएफ-८) चे असावे. फाइलचा सीसीएसआयडी ६५५३५ असेल, तर रूपांतर होतच नाही आणि सीपीवायटीओआयएमपीएफ या निर्यात करणाऱ्या कमांडने बाहेर काढलेला मजकूर वाचता येत नाही. अशा वेळी आधी मूळ माहिती कोणत्या सीसीएसआयडीत लिहिली गेली आहे ते निश्चित करावे, योग्य सीसीएसआयडीची दुसरी फाइल तयार करावी आणि मगच निर्यात करावी.