ट्युलिपचे कंद चिपमंक आणि व्होलपासून कसे वाचवावेत

ऑक्टोबरात पन्नास ट्युलिप लावायचे आणि एप्रिलमध्ये जेमतेम आठ-दहा उगवायचे, ही न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, कनेक्टिकट भागातल्या बागांची नेहमीची रड. कंद कुजले असतील असं समजून पुढच्या वर्षी लोक आणखी कंद आणतात आणि तेही जातात. पाणी साचणारी जमीन नसेल, तर कंद कुजण्यापेक्षा पळवले जाण्याची शक्यता जास्त. खात्रीचा उपाय जाळीचाच. पण जाळी वर घालायची की खाली, हे चोर कोण आहे त्यावर ठरतं.

आधी चोर ओळखा

चिपमंक दिसायला आपल्या खारीसारखा, पाठीवर पट्टे, पण राहतो जमिनीखाली. तो वरून उकरतो, कंद गालांच्या पिशव्यांत कोंबतो आणि बिळातल्या कोठारात नेऊन टाकतो. बिळाचं तोंड साधारण दोन इंचांचं, गोल, आणि त्याच्याभोवती मातीचा ढीग नसतो. थंडीत तो सलग झोपून राहत नाही. दर काही दिवसांनी जागा होऊन साठवलेलं खातो, त्यामुळे थंडीआधी त्याची हाव संपत नाही. मोठी करडी खारही वरूनच उकरते, पण तिचं एक कोठार नसतं. ती एकेक कंद इथे-तिथे पुरून ठेवते आणि काही विसरते. लॉनच्या मधोमध न लावलेलं क्रोकसचं (छोट्या कंदापासून येणाऱ्या फूलझाडाचं) फूल आलं, तर ते बहुधा तिचंच काम.

व्होल वेगळा. आखूड शेपटीचा, केसांत कान लपलेला, उंदराएवढा प्राणी. कुरणातला व्होल गवतात एक-दोन इंच रुंदीच्या वाटा पाडतो. बर्फ वितळल्यावर त्या स्पष्ट दिसतात. पाइन व्होल जमिनीखालूनच फिरतो आणि कंदांचं खरं नुकसान तो करतो. वर खड्डा नाही, माती हललेली नाही, आणि खणून पाहिलं तर कंद गायब किंवा पोखरलेला: हा व्होल. वसंतात कोंब वर येऊन अचानक आडवा पडला आणि ओढताच सहज हातात आला, तरी तोच. यात मोल हा जमिनीखाली बोगदे खणणारा प्राणी फुकट बदनाम होतो. तो गांडुळं आणि हुमणीसारख्या अळ्या खातो, कंद नाही. त्याने खणलेले बोगदे मात्र व्होल बिनदिक्कत वापरतो.

शंका असेल तर सफरचंदाची फोड बिळाच्या तोंडाशी ठेवून वर कौल किंवा फळीचा तुकडा तिरका टेकवा. चोवीस तासांत फोडीवर बारीक दातांच्या खुणा दिसल्या, तर बीळ वापरात आहे.

लावणी उशिरा आणि स्वच्छ

दुकानात कंद सप्टेंबरमध्ये येतात म्हणून लगेच लावायची घाई नको. सहा इंच खोलीवर मातीचं तापमान ६० अंश फॅरनहाइटच्या खाली उतरलं की लावा. न्यू जर्सीत हे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून. नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा उत्तम, कारण तोवर बरेच चिपमंक बिळात गेलेले असतात.

नुकती भुसभुशीत केलेली माती म्हणजे चोराला आमंत्रणच. म्हणून कंदांची गळलेली तपकिरी सालं, तुटके तुकडे मातीवर राहू देऊ नका. उचलून कचऱ्यात टाका. ट्युलिप सहा ते आठ इंच खोल लावा. माती तळव्याने घट्ट दाबा आणि एकदा भरपूर पाणी द्या. क्रोकस तीन-चार इंचांवरच लागतात, त्यामुळे ते सगळ्यात आधी जातात. त्यांना झाकण हवंच.

वरून उकरणाऱ्यांसाठी झाकण

अर्ध्या इंची चौकटीची गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या, हार्डवेअर क्लॉथ नावाने मिळते. एक इंची चिकन वायर खारीला अडवते, पण चिपमंकचं पिल्लू त्यातून शिरू शकतं. जाळी मातीवर सपाट पसरा, वाफ्याच्या कडेपलीकडे सगळीकडून एक फूट जाऊ द्या आणि दर फुटावर इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या खिळ्याने जमिनीत रोवा. कड वाफ्याच्या रेषेवरच संपवली, तर चिपमंक बाजूने खणून आत येतो. इथेच बहुतेकांचं चुकतं. वर पातळ थर वाळक्या पानांचा.

झाकण काढायची वेळ चुकवू नका. फेब्रुवारीच्या अखेरीपासून आठवड्याला एकदा पानं बाजूला करून पाहा. कोंबाची टोकं जाळीला टेकली की लगेच काढा. ट्युलिपची रुंद पानं चौकटीत अडकली, तर जाळी उचलताना फाटतात.

खालून येणाऱ्यांसाठी टोपली

पाव इंची जाळीची ३६ इंच रुंदीची गुंडाळी, पत्रा कापायची कात्री, जाड हातमोजे आणि थोडी बारीक तार लागेल. जाळीच्या कापलेल्या कडा हाताला चांगल्याच ओरबाडतात, म्हणून हातमोज्यांचा कंटाळा करू नका.

१. ३६ बाय ३६ इंचांचा चौरस कापा.
२. चारही कडांपासून १० इंच आत रेघा आखा. मधे १६ बाय १६ इंचांचा तळ राहील.
३. चारही कोपऱ्यांत प्रत्येकी एकच १० इंचांचा काप, तळाच्या टोकापर्यंत. कोपरा कापून फेकू नका. तो शेजारच्या बाजूवर चढवायचा आहे.
४. फळीच्या कडेवर दाबून बाजू उभ्या करा. चढवलेले कोपरे तारेने दोन-तीन ठिकाणी आवळा.
५. आठ इंच खोल खड्डा करून टोपली बसवा. दोन इंच कड मातीच्या वर राहू द्या, नाहीतर व्होल पृष्ठभागावरून चालत येऊन आत उतरतो. ती पानांखाली झाकली जाईल इतकाही मल्च (मातीवर पसरायचं पानांचं किंवा पेंढ्याचं आच्छादन) घालू नका.
६. तळाशी एक इंच माती, त्यावर चार-चार इंचांवर कंद, टोकं वर. एका टोपलीत सोळा ट्युलिप बसतात. मग माती भरा.

मुळं पाव इंचातून सहज खाली जातात. चिपमंकही असेल, तर याच टोपलीवर हिवाळ्यापुरतं झाकण ठेवा.

इतक्या टोपल्या करायच्या नसतील, तर कंदांभोवती दोन-तीन इंच धारदार खडी घालतात. व्होलला तिच्यातून खणणं जड जातं. पण हा अडथळा आहे, भिंत नव्हे. मल्च जमीन गोठल्यावरच, दोन-तीन इंच; टोपली असेल तिथे कड उघडी राहील इतकाच. आधीच घातलेला पेंढ्याचा जाड थर म्हणजे व्होलला आयतं घर. पक्ष्यांचं दाणापात्र वाफ्यापासून लांब टांगा, कारण खाली सांडलेल्या सूर्यफुलाच्या बियांवरच चिपमंक येतो.

डांबर गोळ्या आणि इतर जुगाड

घरात सवय असते म्हणून अनेक जण वाफ्यात डांबर गोळ्या टाकतात. अमेरिकेत हे बेकायदा आहे, कारण कीटकनाशक लेबलवर लिहिल्याप्रमाणेच वापरावं लागतं आणि या गोळ्या बंद डब्यातल्या कपड्यांसाठी आहेत. शिवाय मुलं त्या गोळी समजून तोंडात घालतात. मिरचीचा फवारा चालतो, पण पाऊस पडला की पुन्हा मारायचा. हाडांचं खत कुत्र्याला वाफा उकरायला लावतं. विषाची गोळी खाल्लेला व्होल घुबड किंवा शेजाऱ्याचं मांजर खातं, त्यामुळे ती नकोच. सापळा लावायचाच तर उंदराचा साधा खटका व्होलच्या वाटेला आडवा ठेवा, सफरचंद किंवा पीनट बटर लावा आणि वर उपडं खोकं ठेवा, म्हणजे पक्षी अडकणार नाहीत. जिवंत पकडून लांबच्या जंगलात सोडायला अनेक राज्यांत मनाई आहे.

न खाल्ले जाणारे कंद

डॅफोडिलमध्ये लायकोरिन हे विष असतं, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. स्नोड्रॉप आणि एलियमही सहसा सुरक्षित. फ्रिटिलारियाचा वास उग्र असतो. मात्र ट्युलिपभोवती डॅफोडिलचं कुंपण केलं की ट्युलिप वाचतात, यावर विसंबू नका. चिपमंक डॅफोडिल बाजूला सारून शेजारचा ट्युलिप नेतो.

लावणीपर्यंत कंद गॅरेजमध्ये कागदी पिशवीत उघडे ठेवलेत, तर वाफ्याआधीच उंदीर साफ करतील. जाळीच्या पिशवीत, छताला टांगून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवायचेच तर सफरचंदांपासून लांब, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीनने कंदातली फुलाची कळी मरते. पिशवीवर नाव लिहाच: डॅफोडिलचा कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, आणि कांदा समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.