खांबावर पिवळी नोटीस लागली, की सही करण्याआधी हे वाचा

केंब्रिजच्या आसपासच्या खेड्यांत घर घेतलेल्या कुणा ना कुणा मराठी कुटुंबाचा मला दर वर्षी एकदा तरी फोन येतो. "ताई, गावाबाहेरच्या शेतात जिप्सी येणारेत म्हणे. शेजारचे विरोधात सह्या गोळा करतायत. करू का सही?" शाळा कशी निवडायची, जीपीकडे नाव कधी घालायचं, बॉयलरचं काय करायचं यावर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. यावर कुणी लिहीत नाही. मी फेन्समधल्या, म्हणजे इथल्या सखल, पाणथळ भागातल्या एका खेड्यात सतरा वर्षं राहतेय आणि पहिल्याच हिवाळ्यात न वाचता सही करून बसलेय, म्हणून मीच लिहिते.

आधी शब्दांचं बघू. जिप्सी म्हटलं की आपल्याला मारुतीची गाडी आठवते, नाहीतर सारखा ट्रेकला जाणारा एखादा मित्र. इथे ते एका समाजाचं नाव आहे. रोमानी जिप्सींचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातून निघाले आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावर पोचले. आयरिश ट्रॅव्हलर वेगळे, ते मूळ आयर्लंडचेच. इथल्या कोर्टांनी जिप्सींना १९८८ साली आणि आयरिश ट्रॅव्हलरांना २००० साली वांशिक गट म्हणून मान्यता दिली. म्हणजे त्यांच्याविषयी काही बोलणं हे कायद्याच्या दृष्टीनं तुमच्या-माझ्याविषयी बोलण्यासारखंच आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ७१,४४० लोकांनी आपली ओळख जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर अशी लिहिली. त्याआधीच्या, २०११ च्या गणनेत त्यांच्यातले तीन चतुर्थांश लोक विटांच्या घरांत राहत होते. तेव्हा तुमच्या गल्लीतही एखादं घर असेल. पबमध्ये त्यांच्यासाठी एक तुच्छतेचा शब्द सर्रास कानावर पडेल. तो उचलू नका, मुलांच्या तोंडी तर अजिबात बसू देऊ नका.

आता परवानगी. आपल्याकडे शेतजमिनीवर घर बांधायचं तर ती वर्षानुवर्षं एन.ए. करून घ्यावी लागायची. इथे सातबारा नाही, पण मूळ गोष्ट तीच. जमीन तुमची असली तरी तिचा वापर बदलायचा तर कौन्सिलला, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेला, विचारावं लागतं, आणि शेतात कॅरॅव्हॅन (चाकांवरचं घर) लावून कायमचं राहणं हा वापरातला बदल आहे. खांबावरची पिवळी नोटीस असते ती अशाच अर्जाची. अर्जात 'पिच' हा शब्द दिसेल. पिच म्हणजे एका कुटुंबाची जागा. तिच्यावर सहसा एक स्टॅटिक (एका जागी ठेवलेलं मोठं कॅरॅव्हॅन), एक टूरर (गाडीमागे ओढायचं छोटं), गाड्या उभ्या करायला खडीची जमीन आणि डे-रूम नावाची छोटी पक्की खोली असते. स्टॅटिकला चाकं असतात, पण म्हणून ते छोटं समजू नका. कायद्याप्रमाणे २० मीटर लांब आणि ६.८ मीटर रुंदपर्यंतचं घरही कॅरॅव्हॅनच धरलं जातं. पुण्यातला टू-बीएचके त्यात आरामात मावेल.

डे-रूम बघून लोक "बघा, हळूच घर बांधतायत" म्हणतात. तिच्यात मोरी, संडास, धुण्याचं यंत्र असतं. जुन्या वळणाच्या रोमानी कुटुंबात अन्नाची भांडी धुण्याचं घमेलं आणि अंग किंवा कपडे धुण्याचं घमेलं कधीच एक होत नाही. झालं तर ते विटाळलं, त्याला त्यांचा शब्द आहे मोकाडी. राहत्या कॅरॅव्हॅनमध्ये संडास नको, हाही त्याच विचाराचा भाग. माझ्या आजीच्या सोवळ्यात वाढलेल्या मला हे समजावून सांगावं लागलं नाही.

पण शेतच का? हे समजल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. या भागात बीट, बटाटे, मटार, तिकडे केंटमध्ये हॉप्स, इव्हशमच्या खोऱ्यात प्लम, असं हंगामी काम करत ही कुटुंबं फिरायची आणि रस्त्याकडेच्या गवतावर, गावाच्या मोकळ्या रानात उतरायची. १९६० च्या कायद्यानं कौन्सिलांना ती रानं कॅरॅव्हॅनना बंद करण्याचा अधिकार दिला. मग १९६८ च्या कायद्यानं कौन्सिलांवरच अशा जागा बांधून देण्याची जबाबदारी टाकली. काहींनी बांधल्या, काहींनी टाळाटाळ केली. १९९४ साली ती जबाबदारीही काढून घेतली आणि सरकारनं सांगितलं, की आता स्वतः जमिनी घ्या आणि परवानगी मागा. तर आज एखादं कुटुंब वीस गुंठे जमीन घेऊन तुमच्या गावात अर्ज करतं, तेव्हा ते सरकारनं सांगितलेलंच करत असतं. गावातली जमीन त्यांना परवडत नाही आणि बिल्डर ती घरांसाठीच घेऊन ठेवतो, मग उरतं ते कडेचं शेत.

इंग्लंडमध्ये या अर्जांसाठी २०१२ पासून वेगळं राष्ट्रीय धोरण आहे. ते दोन-तीनदा बदललं आणि त्यातला एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१५ साली व्याख्या अशी केली, की ज्यांनी फिरणं कायमचं सोडलं ते नियोजनापुरते ट्रॅव्हलर नाहीत. म्हणजे आजीचे गुडघे गेले, किंवा मुलाच्या शाळेसाठी आई एका जागी थांबली, की कागदावर त्यांची जात गेली! २०२२ साली अपील कोर्टानं हा भेदभाव ठरवला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनी व्याख्या परत आली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती आणखी रुंद झाली. भटकण्याची किंवा कॅरॅव्हॅनमध्ये राहण्याची ज्यांची परंपरा आहे, ते सगळे आता तिच्यात येतात. "हे तर फिरतच नाहीत, मग कसले जिप्सी" असं पत्रात लिहिणारे अजून भेटतील. ते पत्र वाया गेलं समजा.

त्याच धोरणात दोन्ही बाजूंना लागणारी वाक्यं आहेत. वस्तीपासून दूर, उघड्या माळावर नव्या जागा काटेकोरपणे मर्यादित ठेवाव्यात, हे एक. साइट जवळच्या गावापेक्षा वरचढ होऊ नये, हे दुसरं. आणि मला सर्वांत आवडलेलं तिसरं म्हणजे, भोवती एवढ्या उंच भिंती आणि कुंपणं नकोत, की आतल्यांना मुद्दाम वेगळं काढल्यासारखं दिसेल. शिवाय प्रत्येक कौन्सिलनं पुढच्या पाच वर्षांना पुरतील एवढ्या पिच दाखवायच्या असतात. दाखवता आल्या नाहीत तर पारडं अर्जदाराकडे झुकतं. हे तुमच्या गावच्या मीटिंगमध्ये बहुधा कुणी सांगणार नाही, कारण ऐकायला कुणालाच आवडत नाही.

आता माझी सही. नोव्हेंबर होता, चार वाजता अंधार. दार वाजलं, शेजारच्या बाई केक घेऊन आल्या होत्या. त्या गावात माझ्या घरी केक घेऊन आलेलं ते पहिलं माणूस. केकबरोबर एक टाइप केलेलं पत्र होतं, गावभर तेच फिरत होतं. मी सही केली. नाही म्हणायचं मनातच आलं नाही. आठवड्यानं कौन्सिलच्या वेबसाइटवर ते पत्र माझ्या नाव-पत्त्यासकट दिसलं, चाळीसेक तशाच पत्रांच्या रांगेत. हे नीट लक्षात घ्या, इथे हरकत गुप्त नसते. अर्जदार ती वाचतो, त्याची मुलंही वाचतात. माझी मुलगी आणि त्या अर्जदाराची मुलगी वर्षभरातच एका वर्गात आल्या.

त्या पत्रात काय होतं? घरांच्या किमती पडतील, गावाचं रूप जाईल, चोऱ्या वाढतील. घराची किंमत हा नियोजनात विचारात घ्यायचा मुद्दाच नाही. खिडकीतून दिसणारं दृश्यही नाही. चोऱ्यांचं वाक्य म्हणजे एका समाजावर सरसकट आरोप, ते कौन्सिलनं खोडलं. नगरसेवकांनी गावाकडे बघून अर्ज नाकारला, कुटुंब अपिलात गेलं, आणि नियोजन खात्याच्या इन्स्पेक्टरनं दोन पिचना परवानगी दिली. आमची सगळी पत्रं त्याच्या निकालात एका परिच्छेदात आटपली.

आणि खरी अडचण? ती एकानेही लिहिली नव्हती. शेताच्या फाटकापाशी ओढ्यावर एक जुनी, अरुंद मोरी आहे. शेतात खडी टाकल्यावर पाणी मुरायचं कमी झालं आणि दर फेब्रुवारीत त्या ड्रोव्हवर, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या रस्त्यावर, टाचभर पाणी साचतं. त्यांच्याही फाटकात साचतं आणि आमच्याही वाटेवर. कुणी चार ओळी लिहिल्या असत्या तर इन्स्पेक्टरनं मोठा पाइप टाकायची अट घातली असती. सगळे किमतींवर लिहीत बसले.

म्हणून फोन करणाऱ्यांना मी सांगते, सही करू नका, नकाशे उघडा. नोटीस लागल्यापासून साधारण २१ दिवस असतात. अर्जाचा क्रमांक वेबसाइटवर घातला की सगळे कागद दिसतात. आधी रस्ता बघा. साठ मैलांच्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर फाटकातून दोन्ही बाजूंना २१५ मीटरपर्यंत दिसावं अशी अपेक्षा असते, आणि टूरर ओढणारी गाडी वळायला वेळ घेते. मग पाणी. पुराच्या नकाशावर ती जागा झोन तीनमध्ये असेल तर कायम राहण्याच्या कॅरॅव्हॅनना तिथे जागा नाही, आणि हा नियम त्या कुटुंबाच्याच जिवासाठी आहे. सांडपाणी कुठे जाणार, दिव्यांचा उजेड रात्री किती लांब जाणार, कुंपणाला झाडी लावणार की फळ्यांची भिंत, हे सगळं विचारण्यासारखं. विचारताना "हरकत" असाच शिक्का मारावा लागतो असंही नाही. पाठिंबा देऊन अट सुचवता येते, ही गोष्ट मला कळायला सहा वर्षं लागली. एका पत्रात मी तसं केलंय, आणि तेव्हा केक काही आला नाही.

पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत, फक्त मत देते, निर्णय जिल्ह्याची कौन्सिल घेते. कधी अधिकारीच निकाल देतात, कधी तो कमिटीपुढे जातो. तिथे सहसा तीन मिनिटं बोलायला मिळतात, नाव आधी द्यावं लागतं. आणि एक फारच थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट: भारतीय पासपोर्ट असला, व्हिसावर असलात, तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून तुम्हाला इथे मत देता येतं. कमिटीवर बसणाऱ्यांना निवडणाऱ्यांत तुम्हीही आहात. नाव नोंदवा.

कधी कधी बँक हॉलिडेच्या वीकेंडला आधी खडी पडते, कॅरॅव्हॅन येतात, आणि मंगळवारी अर्ज. गाव पेटून उठतं. जाणूनबुजून असं करणं अर्जदाराच्या विरोधात मोजलं जातं, २०१५ पासून तसा स्पष्ट नियम आहे. पण मागाहून अर्ज करणं कायद्यात बसतं आणि ते सगळेच करतात. आपल्यातल्याच एकानं बागेत परवानगीशिवाय मोठी खोली उठवली आणि कौन्सिलचं पत्र आल्यावर अर्ज भरला. त्याच्याविरुद्ध कुणी सह्या गोळा केल्या नाहीत.

मी सोलापूरची. आमच्याकडे सेटलमेंट हा शब्द मराठीच होऊन गेलाय. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यात आला, आणि कैकाडी, टकारी, पारधी अशा लोकांना सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवून रोज हजेरी घेतली. कायदा १९५२ साली गेला, वस्तीचं नाव राहिलं. लहानपणी आम्हाला त्या बाजूला जाऊ देत नसत. इथल्या नियोजनाच्या कागदांत गावाला सेटलमेंट म्हणतात आणि गावातल्यांना सेटल्ड कम्युनिटी. सोलापुरात सेटलमेंटमध्ये भटके होते, इथे भटके सोडून बाकी सगळे. आणि मी सही केली त्या हिवाळ्यात होम ऑफिसच्या, म्हणजे इथल्या गृहखात्याच्या भाषेत मी स्वतः सेटल्ड नव्हते, कायम राहण्याच्या त्या कागदाला अजून चार वर्षं होती. ते कुटुंब मात्र पणजोबांपासून याच चिखलात बीट उपटत आलेलं.

यावरून कुणाला उमाळा येईल, तर जरा आवरा. रोमानी जिप्सींच्या बोलीत पाण्याला पानी म्हणतात, नाकाला नाक, सुरीला चुरी. खरं आहे. पण पहिल्याच भेटीत "आपण एकाच रक्ताचे" सुरू करू नका. बरीच कुटुंबं ही बोली घरापुरती ठेवतात. आणि इतिहासात आपण त्यांच्या तंबूत नव्हतो, तंबू हलवायला सांगणाऱ्यांत होतो.

परवानगी मिळाल्यावर काय होतं, हेही विचारतात. फारसं काही नाही. अटी असतात, किती कॅरॅव्हॅन, साडेतीन टनांवरची गाडी नको, धंद्याचा माल साठवायचा नाही. मोडल्या तर कौन्सिलला कळवा, फेसबुकवर लिहू नका. शाळेच्या फाटकाशी भेट होईल, तेव्हा नाव विचारा. जूनच्या सुरुवातीला पिच रिकाम्या दिसल्या तर "गेले वाटतं" म्हणून गावभर करू नका. ते कंब्रियात ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेला गेलेले असतात. आमच्याकडचे जाताना कोंबड्यांना पाणी घालायला मला सांगून जातात.